राज्याचा स्वतंत्र ‘हवामान बदल आयोग’ म्हणजे काय? तो कसा बनतो आणि कधी नुसता कागदावर राहतो?

२०२५ चा सप्टेंबर आठवतोय? ज्या मराठवाड्यात आपण टँकर आणि कोरड्या विहिरी बघत मोठे झालो, तिथे गावंच्या गावं पाण्यात होती. सोलापुरात सीना नदीने पात्र सोडलं. हाताशी आलेलं सोयाबीन कुजलं, काही ठिकाणी तर पिकाखालची मातीच वाहून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं.

अशा वेळी कुणी काय करायचं हे ठरलेलं असतं. पंचनामे महसूल आणि कृषी विभाग करतात. रस्ता सार्वजनिक बांधकाम खातं दुरुस्त करतं. विजेचे खांब महावितरण उभे करतं. धरणाचे दरवाजे जलसंपदा विभागाच्या हातात असतात आणि शाळेची भिंत जिल्हा परिषदेच्या. पण असा पाऊस पुढच्या २० वर्षांत किती वेळा पडू शकतो, त्यासाठी पूल किती उंच बांधायचा, कोणतं बियाणं द्यायचं आणि दरवर्षी बजेटमध्ये किती पैसे बाजूला ठेवायचे, हा प्रश्न यातल्या कुठल्याच एका खात्याचा नाही.

नेमक्या याच प्रश्नासाठी जगात काही ठिकाणी राज्य पातळीवर ‘हवामान बदल आयोग’ नेमले गेले आहेत. आपल्याकडेही अशी मागणी अधूनमधून होते. म्हणून समजून घेऊया, असा आयोग असतो तरी काय, तो बनतो कसा, आणि त्याने खरंच काही बदलतं का?

थोडक्यात सांगायचं तर

- हवामान बदल आयोग म्हणजे सगळ्या खात्यांकडे एकत्र बघणारी, सरकारला सल्ला देणारी आणि दरवर्षी सरकारच्या कामाचा हिशेब मांडणारी यंत्रणा.
- अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने असा आयोग २००७ मध्ये नेमला आणि २०१५ मध्ये त्याला कायद्याचा आधार दिला.
- महाराष्ट्राकडे हवामान बदलाचा आराखडा आहे, विभाग आहे, कक्षही आहे. कायद्याने बनलेला स्वतंत्र आयोग मात्र नाही.
- आयोग नेमणं सोपं असतं. त्याचा अहवाल जाहीर करणं आणि त्याला उत्तर देणं सरकारवर बंधनकारक आहे का, यावर त्याची खरी किंमत ठरते.

विभाग, कक्ष, समिती आणि आयोग: फरक काय?

बातम्यांमध्ये हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

विभाग म्हणजे सरकारचं खातं. त्याला मंत्री असतो, सचिव असतो, बजेट असतं. योजना राबवणं हे त्याचं काम. कक्ष म्हणजे त्या खात्याच्या आत तयार केलेली छोटी टीम. समिती बहुतेक वेळा एका प्रश्नापुरती असते. अहवाल दिला की तिचं काम संपतं.

आयोग यापेक्षा वेगळा असतो. तो कायम राहतो, त्यात सरकारबाहेरचे लोक असतात आणि तो स्वतः योजना राबवत नाही. जे राबवतात त्यांना तो विचारतो, ‘जे ठरलं होतं, त्याचं काय झालं?’ सोप्या शब्दांत, विभाग परीक्षा देतो आणि आयोग पेपर तपासतो. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा नसतो, एवढीच यामागची साधी कल्पना.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ‘आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे की, मग आयोग कशाला?’ २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्रत्येक राज्यात असं प्राधिकरण आहे आणि मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. पण त्याचा मुख्य भर पूर, दरड, भूकंप अशा आपत्तींची तयारी आणि मदत यांवर असतो. हवामान बदल मात्र दरवेळी आपत्ती म्हणून येत नाही. रात्री पूर्वीसारख्या गार न होणं, मोहोराच्या वेळी आलेल्या अवकाळीने आंबा जाणं, समुद्र दरवर्षी थोडाथोडा आत येणं, यातल्या कशालाच ‘आपत्ती’ म्हणून सायरन वाजत नाही.

मेरीलँडमध्ये नक्की काय झालं?

आता एक खरं उदाहरण बघू. मेरीलँड हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटं राज्य. वॉशिंग्टन डीसीला लागून. लोकसंख्या साधारण ६२ लाख, म्हणजे मुंबई शहराच्या निम्मी. राज्याच्या मधोमध चेसापीक नावाचा प्रचंड उपसागर घुसलेला आहे, त्यामुळे खाड्या-वळणं धरून किनारा हजारो किलोमीटर भरतो. गेल्या शंभर वर्षांत इथे समुद्राची पातळी सुमारे एक फूट वर आली. पाणी वर येतंय आणि तिथली जमीनही हळूहळू खचतेय, अशी दुहेरी अडचण आहे.

२० एप्रिल २००७ रोजी तेव्हाचे गव्हर्नर मार्टिन ओ’मॅली यांनी एका आदेशावर सही करून ‘मेरीलँड हवामान बदल आयोग’ नेमला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. तो लोकांनी थेट निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार चालवतो, साधारण आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा. त्याचा आदेश म्हणजे आपल्याकडचा शासन निर्णय, म्हणजेच जीआर, असं समजा.

आयोगाला काम दिलं होतं राज्याचा कृती आराखडा तयार करण्याचं. ऑगस्ट २००८ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षात, तो तयार झाला. त्यात तीन गोष्टी होत्या: राज्यावर काय परिणाम होणार, उत्सर्जन कसं कमी करायचं आणि वाढत्या समुद्राशी जुळवून कसं घ्यायचं.

बहुतेक आराखड्यांची गोष्ट इथेच संपते. फोटो निघतात, पुस्तिका छापली जाते आणि ती कपाटात जाते. मेरीलँडमध्ये मात्र पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला. २००६ च्या तुलनेत २०२० पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन २५ टक्क्यांनी कमी करणं सरकारवर बंधनकारक झालं. कायद्यात एक अटही होती. हे करताना राज्यातले रोजगार आणि अर्थव्यवस्था यांचं नुकसान होता कामा नये.

आदेश ते कायदा: हा टप्पा का महत्त्वाचा?

आदेशाने बनलेल्या आयोगाची एक मोठी कमजोरी असते. ज्या पेनाने तो बनतो, त्याच पेनाने तो पुसताही येतो. नवा गव्हर्नर आला आणि त्याला आयोग नकोसा वाटला, तर एका सहीत विषय संपतो.

मेरीलँडमध्ये अशी वेळ येऊ शकत होती. जानेवारी २०१५ मध्ये सत्ता बदलली. डेमोक्रॅटिक पक्षाचे ओ’मॅली गेले आणि रिपब्लिकन पक्षाचे लॅरी होगन गव्हर्नर झाले. विधिमंडळात मात्र डेमोक्रॅट्सचंच बहुमत होतं. त्याच वर्षी विधिमंडळाने आयोगाला कायद्याचा आधार देणारं विधेयक मंजूर केलं आणि होगन यांनी त्यावर सही केली. तिथून पुढे आयोग कुणा एका नेत्याच्या मर्जीवर राहिला नाही.

त्यानंतरचा प्रवास बघा:

- २०१६: नवा कायदा, २०३० पर्यंत उत्सर्जन ४० टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य.
- २०२२: आणखी कडक कायदा. २०३१ पर्यंत ६० टक्के कपात आणि २०४५ पर्यंत नेट झिरो. होगन यांनी यावर सही केली नाही आणि नकाराधिकारही वापरला नाही. विधेयक सहीविनाच कायदा झालं.
- डिसेंबर २०२३: नव्या लक्ष्यांसाठी सविस्तर आराखडा. तेव्हा गव्हर्नर होते वेस मूर.

म्हणजे तीन गव्हर्नर, दोन पक्ष आणि सोळा वर्षं. माणसं बदलली, पण काम मागच्या पानावरून पुढे चालू राहिलं.

या आयोगात कोण बसतं आणि तो वर्षभर करतो काय?

सुरुवातीला आयोगात मुख्यतः सरकारी खात्यांचे प्रमुख आणि विधिमंडळाचे सदस्य होते. २०१४ मध्ये दार बाहेरच्यांसाठी उघडलं. आता त्यात स्थानिक स्वराज्य संस्था, उद्योग, कामगार संघटना, पर्यावरण संस्था आणि विद्यापीठं यांचे प्रतिनिधीही असतात. अध्यक्षपद राज्याच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखाकडे असतं.

खरं काम कार्यगटांमध्ये चालतं. एक गट विज्ञान बघतो, दुसरा उत्सर्जन कपात, तिसरा बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं आणि चौथा लोकांपर्यंत माहिती पोहोचवणं. दरवर्षी १५ नोव्हेंबरपर्यंत आयोगाला आपला अहवाल गव्हर्नर आणि विधिमंडळ, दोघांनाही द्यावा लागतो. तारीख कायद्यातच लिहिलेली आहे, त्यामुळे ‘अहवाल अंतिम टप्प्यात आहे’ असं वर्षानुवर्षं सांगता येत नाही.

मग काही फरक पडला का?

पडला, पण जपून बोलायला हवं.

२०२० चं २५ टक्के कपातीचं लक्ष्य राज्याने गाठलं. मात्र २०२० हे कोविडचं वर्ष होतं, गाड्या घरीच उभ्या होत्या. शिवाय कोळशावरची वीज कमी होण्यामागे स्वस्त नैसर्गिक वायूचाही मोठा वाटा होता. सगळं श्रेय आयोगाला देणं चूक ठरेल.

किनाऱ्यावरच्या बांधकामांचं उदाहरण जास्त बोलकं आहे. मेरीलँडने २०१४ मध्ये कायद्याने ‘कोस्ट स्मार्ट’ परिषद नेमली. सरकारी पैशातून पूरप्रवण किनाऱ्यावर इमारत बांधायची असेल, तर ती पुराच्या ठरलेल्या पातळीपेक्षा किती उंच हवी, याचे नियम आले. ऐकायला हे अगदी किरकोळ वाटतं. पण आज बांधलेली शाळा किंवा दवाखाना पन्नास वर्षं उभा राहणार असतो. तो कुठे आणि किती उंचीवर बांधायचा, हे एकदा चुकलं की पुढची पन्नास वर्षं निस्तरत बसावं लागतं.

अडचण आली ती पैशाची. २०२३ च्या आराखड्यात म्हटलं होतं की लक्ष्य गाठायला राज्याला वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर जादा लागतील. हे पैसे आणायचे कुठून, यावर पुढे गाडं अडलं. आयोग लक्ष्य सुचवू शकतो, हिशेब मांडू शकतो. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते.

सरकार उत्तर देतं का? ब्रिटनचा धडा

ब्रिटन हे राज्य नाही, देश आहे. पण एका गोष्टीसाठी त्याचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. २००८ च्या हवामान बदल कायद्याने तिथे स्वतंत्र ‘हवामान बदल समिती’ नेमली गेली. नाव समिती असलं तरी काम कायमस्वरूपी आयोगाचं. ती दरवर्षी जूनअखेरपर्यंत सरकारच्या प्रगतीचा अहवाल संसदेत मांडते आणि सरकारला १५ ऑक्टोबरपर्यंत त्याचं लेखी उत्तर द्यावंच लागतं.

सल्ला मानलाच पाहिजे असं नाही. पण मानला नाही तर का नाही, हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं. २०५० पर्यंत ८० टक्के कपात हे मूळ लक्ष्य २०१९ मध्ये बदलून नेट झिरो केलं गेलं, ते याच समितीच्या सल्ल्यावरून.

भारतात राज्यांकडे सध्या काय आहे?

केंद्र सरकारने ३० जून २००८ रोजी हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ मोहिमा होत्या. पुढच्या वर्षी राज्यांनाही आपापले आराखडे बनवायला सांगितलं गेलं. पण राज्यांनी वेगवेगळे रस्ते धरले.

गुजरात: २००९ मध्येच हवामान बदलासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.

तमिळनाडू: २०२१ नंतर राज्याने हवामान बदल मोहीम आणि ती राबवण्यासाठी सरकारी कंपनी उभी केली. २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक नियामक परिषद नेमली. त्यात अर्थतज्ज्ञ माँटेकसिंग अहलुवालिया, इन्फोसिसचे नंदन नीलेकणी आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे माजी प्रमुख एरिक सोल्हेम यांच्यासारखी मंडळी होती. आयोगाच्या कल्पनेच्या जवळ जाणारं हे भारतातलं एक उदाहरण. पण परिषदेचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्रीच. म्हणजे निर्णय पटकन होतात, पण पेपर लिहिणारा आणि तपासणारा पुन्हा एकच.

महाराष्ट्र: आपल्याकडे सुरुवात लवकर झाली होती. राज्यावर काय परिणाम होतील याचा अभ्यास करायचं काम २०१० मध्ये ‘टेरी’ या संस्थेला दिलं गेलं. अहवाल २०१४ मध्ये आला. मंत्रिमंडळाने आराखड्याला मंजुरी दिली ती २०१७ मध्ये. म्हणजे काम सुरू झाल्यापासून मंजुरीपर्यंत सात वर्षं. मेरीलँडमध्ये आयोग ते कायदा हा प्रवास दोन वर्षांत झाला होता.

२०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गावं आणि शहरं यांना गुण देण्याची ही स्पर्धा. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा स्वतंत्र हवामान कृती आराखडा आला आणि २०५० पर्यंत नेट झिरोचं लक्ष्य ठरलं. केंद्राचं लक्ष्य २०७० चं आहे, म्हणजे मुंबईने स्वतःसाठी वीस वर्षं आधीची तारीख घेतली. मुंबई महापालिका २०२४-२५ पासून हवामान बजेटचा अहवालही काढते. राज्य पातळीवर हवामान कृती कक्षही आहे.

हे सगळं कामाचंच आहे. पण नीट बघा, यातली प्रत्येक गोष्ट सरकारच्या आतली आहे. दरवर्षी ठरलेल्या तारखेला विधिमंडळासमोर उभं राहून ‘मराठवाड्यासाठी हे ठरलं होतं, यातलं इतकं झालं, इतकं राहिलं’ असं सांगणारं बाहेरचं कुणी नाही.

राज्य सरकारला असा आयोग नेमता येतो का?

हो. शेती, पाणी, जमीन, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिले आहेत. वीज आणि वनं केंद्र आणि राज्य दोघांकडे आहेत. हवामान बदलाचा फटका बसतो तो याच विषयांना.

सरकारकडे दोन रस्ते आहेत. पहिला, जीआर काढायचा. चार ओळींत आयोग तयार होतो आणि चार ओळींत बरखास्तही. दुसरा, विधिमंडळात कायदा करायचा. राज्य महिला आयोग १९९३ च्या कायद्याने बनला. राज्य मागासवर्ग आयोग आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरण यांचे कायदे २००५ चे. म्हणजे वाट नवी नाही.

कायदा किती महत्त्वाचा असतो, हे दिल्लीच्या हवेने दाखवून दिलं. दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या प्रदूषणासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यादेश काढून हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग नेमला. मार्च २०२१ मध्ये अध्यादेशाची मुदत संपली, त्याचा कायदा झालेला नव्हता, आणि आयोगच संपला! एप्रिलमध्ये पुन्हा अध्यादेश काढावा लागला. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला, तेव्हा कुठे आयोग पक्का झाला. त्याचे आदेश न पाळल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही दिल्लीची हवा दर हिवाळ्यात बातमी बनतेच. म्हणजे अधिकार लागतात, पण नुसत्या अधिकारांनी भागत नाही.

सुप्रीम कोर्टाचा एक निकालही इथे महत्त्वाचा आहे. माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये कोर्टाने म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो. हवामान बदलासाठी देशात एकच असा सर्वंकष कायदा नाही, याकडेही कोर्टाने लक्ष वेधलं. हक्क मान्य झाला, पण तो मागायचा कुणाकडे, ही खिडकी अजून बनायची आहे.

आयोग कागदावर कसा राहतो?

यासाठी परदेशात जायची गरज नाही.

अहवाल दाबून ठेवला जातो. पश्चिम घाटाचं काय करायचं हे ठरवायला केंद्राने २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. मग त्यावर दुसरी समिती बसली, डॉ. कस्तुरीरंगन यांची. तिने संरक्षित क्षेत्र बरंच कमी सुचवलं. त्यानंतर केंद्राने मसुद्यामागून मसुदे काढले. सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये आला.

दरम्यान घाट थांबला नाही. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. जुलै २०२३ मध्ये खालापूरजवळची इर्शाळवाडी गाडली गेली. दोन्ही ठिकाणी ८० च्या वर माणसं गेली. अहवाल वेळेत लागू झाला असता तर हे टळलंच असतं, असं कुणी ठामपणे म्हणू शकत नाही. पण कुठल्या डोंगराखाली वस्ती धोक्यात आहे, हे विचारणारी आणि दरवर्षी पुन्हा विचारणारी जागा असणं किती गरजेचं आहे, हे मात्र यातून कळतं.

खुर्ची रिकामी राहते. राज्य महिला आयोगाला कायद्याचा आधार आहे. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिल्यावर नव्या अध्यक्षांची नेमणूक व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. मधे संपूर्ण लॉकडाऊन होऊन गेला. कायद्यात ‘इतक्या दिवसांत नेमणूक करावी’ असं नसेल, तर आयोग असून नसल्यासारखा होतो.

‘आणखी एक आयोग कशाला?’ हा आक्षेप बरोबर आहे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयोग म्हणजे निवृत्त अधिकाऱ्यांची सोय, गाडी-बंगला आणि लेटरहेड, अशी लोकांची धारणा उगाच झालेली नाही. शिवाय, तोच पैसा थेट गावात बंधारा बांधायला का वापरू नये, असंही विचारलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मेरीलँडची नक्कल आपल्याला जशीच्या तशी चालणार नाही. अमेरिकेत माणशी उत्सर्जन आपल्या कितीतरी पट आहे, त्यामुळे तिथे सगळा भर उत्सर्जन कपातीवर. आपल्याकडे कोरडवाहू शेतकरी, ऊन्हात राबणारा बांधकाम मजूर आणि किनाऱ्यावरचा मच्छीमार यांनी हा सगळा धूर सोडलेला नाही, पण फटका त्यांनाच आधी बसतो. म्हणून महाराष्ट्रात आयोग झालाच, तर त्याचं पहिलं काम जुळवून घेण्याचं असायला हवं: पीक, पाणी, उष्णता, दरडी आणि किनारा. आणि त्यात या लोकांचे प्रतिनिधी हवेत.

खर्चाबद्दल बोलायचं तर ३१ हजार ६२८ कोटी हा एका पावसाळ्याचा आकडा होता. त्यातला प्रत्येक रुपया नुकसान झाल्यानंतर जाहीर झाला.

बातमी आली तर हे ६ प्रश्न विचारा

उद्या ‘हवामान आयोगाची स्थापना’ अशी ब्रेकिंग न्यूज तुमच्या फीडमध्ये आली, तर शेअर करण्याआधी एवढं तपासा:

१. आयोग जीआरने बनला की कायद्याने?

२. अध्यक्ष कोण? सरकारमधलीच व्यक्ती की बाहेरची? आणि जागा रिकामी झाली तर किती दिवसांत भरायची?

३. शेतकरी, कामगार, मच्छीमार, आदिवासी भाग आणि महापालिका यांना जागा आहे का?

४. अहवाल दरवर्षी कोणत्या तारखेला येणार आणि तो लोकांना वाचायला मिळणार का? मराठीत मिळणार का?

५. सरकारने किती दिवसांत उत्तर द्यायचं आहे?

६. आयोगाचं स्वतःचं बजेट आणि कर्मचारी किती?

पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं, तर बातमी मोठी आहे. तिन्हींना ‘लवकरच ठरवू’ असं उत्तर असेल, तर सध्या फक्त फलक बदललाय असं समजा.

तोपर्यंत काय करता येईल?

आयोग नसला तरी विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या गावाने ‘माझी वसुंधरा’मध्ये भाग घेतला असेल, तर कोणत्या कामाला गुण मिळाले हे ग्रामसभेत विचारता येतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा जिल्हा प्रशासनाकडे असतो, त्यात तुमच्या गावाचं नाव पूरप्रवण किंवा दरडप्रवण यादीत आहे का, हे बघता येतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सरकारी कार्यालयांनी बरीच माहिती न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. ती नसेल, तर १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो.

राज्याचा हवामान आराखडा २०१७ पासून मंजूर आहे. तुमच्या जिल्ह्यासाठी त्यातलं काय झालं, हा पहिला अर्ज असू शकतो.